यादी खालून वाचताना

कॉम्प्युटरच्या सुट्या भागांची यादी समोर आली की मी ती खालून वाचायला घेतो. वर प्रोसेसर असतो, मग बोर्ड, मग रॅम, मग ग्राफिक कार्ड. तिथवर लिहिणाऱ्याचा हात सढळ असतो, अक्षरसुद्धा टपोरं येतं. एसएसडीपासून आकडे आक्रसायला लागतात. सगळ्यात तळाशी एसएमपीएस आणि कॅबिनेट. तिथं पोचेपर्यंत पैसे संपलेले असतात आणि उत्साहही. कित्येक याद्यांत त्या ओळीवर कंपनीचं नावच नसतं, ‘एसएमपीएस 450 वॅट’ एवढं लिहून सुटका करून घेतलेली असते. त्या ओळीवरून मला यादी करणारा माणूस थोडाफार कळतो. दिसणाऱ्या गोष्टींवर किती खर्च केला आणि न दिसणाऱ्यांसाठी काय शिल्लक ठेवलं, हे तिथं लपवता येत नाही.

सायलीची यादी व्हॉट्सॲपवर आली ती वहीच्या पानाचा फोटो म्हणून. सायली माझ्या ताईची मुलगी, चिपळूणला असते, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला गेमिंग पीसी हवा होता. लॅपटॉप नको, कंपनीचं तयार मशीनही नको. “सुटे भाग घेऊन आपण जोडूया ना मामा. तू जोडायचास ना पूर्वी?”

जोडायचो. नव्वदीच्या अखेरीस नोकरी सांभाळून शनिवारी दुपारी ग्रँट रोडला उतरायचं आणि लॅमिंग्टन रोड पायाखाली घालायचा. पाटीवर त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण त्या नावानं पत्ता विचारणारा माणूस मला अजून भेटायचाय. लॉर्ड लॅमिंग्टन 1907 साली गव्हर्नरपदावरून गेला, त्याचं नाव मात्र हटायला तयार नाही. याच रस्त्यावर मिनर्व्हा टॉकीजला ‘शोले’ पाच वर्षं चालला. आधी रेडिओचे सुटे भाग, मग टीव्हीचे, मग कॉम्प्युटरचे, अशी इथल्या गाळ्यांची वंशावळ. काउंटरवरचा पोरगा पॅड ओढायचा आणि न विचारता ओळी पाडत जायचा, प्रत्येक ओळीसमोर भाव. त्याला ‘कॉन्फिगरेशन’ म्हणायचे, आणि तो कागद घेऊन शेजारच्या चार दुकानांत फिरायचं हा सर्वमान्य शिरस्ता होता. दुकानदारही रागवायचा नाही. फिरून आपल्याकडेच येणार हे त्याला ठाऊक असायचं.

त्या काळी सेलेरॉन 300ए नावाचा एक स्वस्त प्रोसेसर आला होता, 1998 साली. वेग 300 मेगाहर्ट्झ. पण बोर्डावरची बस 66 वरून 100 केली की तोच तुकडा 450 वर धावायचा, आणि बहुतेक वेळा कुरकुर न करता. दुकानदार आवाज खाली आणून सांगायचा, “साढ़े चार सौ पे चलेगा, साहब. लिख के नहीं दूँगा.” मोजल्या पैशांपेक्षा जास्त मिळाल्याचा तो आनंद मी नंतर कुठल्याच खरेदीत अनुभवला नाही. आता प्रोसेसर स्वतःच स्वतःला जमेल तितका ताणतो, माणसासाठी फारसं काही मागे ठेवत नाही.

सायलीचं बजेट 80 हजार, मॉनिटर वेगळा. त्यातले निम्मे तिच्या शिकवण्यांचे, निम्मे भाऊजींचे. भाऊजींनी फोनवर एवढंच विचारलं, “एवढ्यात चांगली सेकंडहँड स्कूटर येते. तुम्ही मामा म्हणून काय म्हणता?” मी मामा म्हणून काहीच म्हटलं नाही. सायलीला विचारलं, खेळणार काय?

भाग निवडण्याआधीचा हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, आणि दुकानात तो क्वचितच विचारला जातो. सायली दोन तऱ्हेचे खेळ खेळते. एक ‘व्हॅलोरंट’: पाच विरुद्ध पाच, कॉलेजच्या मैत्रिणींबरोबर, रात्री जेवणं झाल्यावर. त्यातली चित्रं साधी, कार्डावर भार कमी. पण सेकंदाला शेकडो चित्रं हवीत, आणि तितकी जुळवून द्यायला प्रोसेसर झटतो. दुसरा ‘सायबरपंक 2077’. तो ती एकटी खेळते. ओले रस्ते, डबक्यात पडलेली दुकानांच्या पाट्यांची प्रतिबिंबं, धुरात मिसळलेला प्रकाश. तिथं कार्ड घामाघूम होतं आणि प्रोसेसर त्याची वाट बघत बसतो. मशीन एकच, मालकीण एकच. खेळ बदलला की त्यातला कमकुवत भाग बदलतो.

तिच्या वयाची मुलं याला ‘बॉटलनेक’ म्हणतात आणि त्याचा धसका घेऊन बसतात. ‘मामा, हा प्रोसेसर या कार्डाला बॉटलनेक करेल का?’ हा प्रश्न तिनं मला इतक्यांदा विचारला की शेवटी मी तिला तिच्याच कुंभार्ली घाटात नेलं. पुढे भरलेला ट्रक असला की मागच्या सगळ्यांचा वेग तोच ठरवतो. तो बाजूला झाला की दुसरं कुणीतरी सगळ्यात हळू असतंच. घाटात सगळे एका वेगानं कधीच चालत नाहीत, तसे मशीनमध्येही नाहीत. कुणी कुणासाठी थांबायचं, एवढंच आपण ठरवायचं. खेळाच्या मशीनमध्ये शक्यतो कार्डाला उसंत मिळू नये, बाकीच्यांनी थांबावं, कारण सगळ्यात जास्त पैसे त्याच्यावर घातलेले असतात. निवड म्हणजे उत्तम ते उचलणं असं मला फार वर्षं वाटत होतं. दुसऱ्यांसाठी याद्या करता करता कळत गेलं की कुठली उणीव आपल्याला सोसेल हे त्यात ओळखायचं असतं.

तिच्या मॉनिटरचा आकडा घ्या. 1920 गुणिले 1080, म्हणजे 20 लाखांहून जास्त ठिपके. मॉनिटर सेकंदाला 144 वेळा चित्र बदलणारा. पुरती धाव घ्यायची तर कार्डानं सेकंदाला जवळपास 30 कोटी ठिपके रंगवायचे, आणि प्रत्येक चित्राला वेळ सात मिलिसेकंदांचा. पापणी लवायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो. भाऊजींना हे सांगितल्यावर ते म्हणाले, “आणि एवढं करून पोरगी त्यात गोळ्या घालते.”

कार्डापाशी आम्ही बराच काळ अडकलो. एकीकडे एनव्हिडियाचं आरटीएक्स 5060, 2025 सालचं, मेमरी 8 जीबी. दुसरीकडे इंटेलचं बी580, 2024च्या डिसेंबरातलं, मेमरी 12 जीबी आणि किंमत कमी. मेमरी कमी पडली की नव्या खेळांत भिंतींवरचे पोत ओळखू येईनासे होतात किंवा खेळ अडखळतो. म्हणजे बारा घ्यावं हे उघड. पण 5060कडे एक वेगळीच कला आहे. ते एक चित्र खरोखर काढतं आणि पुढच्या खऱ्या चित्रापर्यंतची तीनपर्यंत चित्रं अंदाजानं भरतं. पडद्यावर हालचाल लोण्यासारखी दिसते, पण त्यातली बरीचशी चित्रं खेळानं कधी मोजलेलीच नसतात. मला हे ऐकून थोडं अस्वस्थ वाटलं. आपण जे बघतोय ते घडलंच नाही, दोन घडलेल्या क्षणांच्या मधे कुणीतरी ते शिवून दिलंय. सायलीला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. “सिनेमात तरी दोन फ्रेमच्या मधलं तुझं तूच भरतोस ना मामा?” हे उत्तर बरोबर आहे की चुकीचं, हे मला अजून सांगता आलेलं नाही. ‘व्हॅलोरंट’मध्ये मात्र ही कला तिला नकोच होती, कारण अंदाजाच्या चित्रात शत्रू दिसतो, पण माऊसचा हुकूम खऱ्या चित्रापर्यंत थांबून राहतो.

आम्ही असा काथ्याकूट करत होतो तेव्हा बाजार थांबलेला नव्हता. विषय निघाला तो दिवाळीत. 2025च्या अखेरीस रॅमचे भाव चढायला लागले आणि काही आठवड्यांत दुपटीच्या पुढे गेले. मेमरी बनवणाऱ्या मोजक्या कंपन्यांनी आपला माल एआयच्या सर्व्हरांकडे वळवला. दूर कुठंतरी मोठाल्या शेडमध्ये रॅक उभे राहिले आणि चिपळूणच्या वहीतला एक आकडा खोडावा लागला. 32 जीबीच्या जागी 16 आली. यापूर्वी 2021 साली कार्डांचा असाच दुष्काळ पडला होता, तो बराचसा क्रिप्टोवाल्यांमुळे. सप्टेंबर 2022 मध्ये इथेरियमनं आपली पद्धत बदलली, कार्डांची गरज संपली, आणि रात्रंदिवस राबलेली कार्डं धुऊनपुसून सेकंडहँड बाजारात आली, आठवड्याच्या ‘चेकिंग वॉरंटी’वर. अजूनही येतात. त्यांचे पंखे बोटानं फिरवून बघावेत आणि पाठच्या स्क्रूवरचे ओरखडे बघावेत. ज्यानं कार्ड खोललंय, त्याला ते खोलायचं कारण काहीतरी असतंच.

रॅमचा मुद्दा निघालाच आहे तर एक सांगतो. 16 जीबी घेताना दुकानदार एकच काडी पुढे करतो, “आगे बढ़ाने के काम आएगा” म्हणून. ती घेऊ नये. आठ-आठच्या दोन घ्याव्यात आणि चार खाचांच्या बोर्डावर प्रोसेसरपासून दुसऱ्या नि चौथ्या खाचेत बसवाव्यात. प्रोसेसर दोन्हींशी एकाच वेळी बोलतो, खेळात फरक दिसतो. ‘पुढे वाढवू’ हे वाक्य मी आयुष्यात पुष्कळ घरांत ऐकलं, आणि त्यातल्या बहुतेक घरांत त्या रिकाम्या खाचेत आजही धूळ आहे.

बोर्ड आणि प्रोसेसर ठरायला फार वेळ लागला नाही. एएमडीचा रायझन 5 7600, एएम5 सॉकेटवर. याच्या आधीचा एएम4 सॉकेट स्वस्त पडला असता. पण एएम4चा इतिहासच एएम5ची शिफारस करत होता: 2017 साली बोर्ड घेतलेल्यांना 2022चा प्रोसेसर त्याच बोर्डावर बसवता आला, बायोस बदलून. एएम5लाही 2027 आणि त्यापुढे सांभाळू, असं एएमडीनं जाहीर केलंय. कंपन्यांच्या शब्दावर किती विसंबायचं हा वेगळा विषय, पण या बाबतीत मागचा शब्द पाळलेला आहे. जुन्या एएम4 प्रोसेसरच्या पोटाला 1331 पिना असायच्या. हातात धरताना श्वास रोखला जायचा, कारण एक वाकली की घड्याळजीसारखं सुईनं सरळ करत बसावं लागे. आता पिना बोर्डावर गेल्या आणि प्रोसेसरचं पोट सपाट झालं. धोका संपला नाही, त्याची मालकी फक्त प्रोसेसरकडून बोर्डाकडे गेली.

आणि मग माझी खालची ओळ. भिंतीतून 230 व्होल्ट येतात. एसएमपीएस त्यांचे 12 करतो. पुढे बोर्डावर, प्रोसेसरला खेटून बसलेल्या कॉइल त्या बाराचे सव्वाच्या आसपास करतात. व्होल्ट सव्वा, पण भर कामात करंट पन्नास-साठ अँपिअरच्या घरात जातो; घरचा दोन हजार वॅटचा गीझर नऊ घेतो. नखाएवढ्या सिलिकॉनमधून एवढं काही वाहत असताना त्याला चोख वीज देणारा डबा म्हणजे एसएमपीएस. पूर्वी तो कॅबिनेटबरोबर फुकट यायचा आणि त्याच्यावरच्या स्टिकरवर वाटेल तो आकडा असायचा. जाणते लोक स्टिकर वाचायचे नाहीत, डबा तळहातावर तोलायचे. आत पुरेसं तांबं आणि ॲल्युमिनियम असेल तर तो वजनदार लागतो, नसेल तर खेळण्यासारखा हलका. आता 80 प्लसची ब्राँझ, गोल्ड अशी प्रमाणपत्रं आली आहेत, तरी दुकानात मी अजून डबा उचलून बघतो. सायलीच्या यादीत त्या ओळीवर नाव होतं, वॅट होते, आणि वॉरंटीची वर्षंही लिहिलेली होती. तेव्हाच मी भाऊजींना सांगितलं, पोरीला पैसे द्या.

कॅबिनेटची निवड कोकणानं केली. सायलीला हवी होती ती समोरून काच, आत रंगीत दिवे, फिरणारे इंद्रधनुषी पंखे. त्या दिव्यांचा मला राग नाही. कामाला ते शून्य आहेत, पण रात्री खोलीत तेवढाच उजेड असताना विशीतल्या पोरीला जे वाटतं ते कुठल्याही चाचणीत मोजता येणार नाही. प्रश्न हवेचा होता. समोर काच असली की पंख्यांना कडेच्या फटीतून श्वास घ्यावा लागतो. आणि एप्रिल-मेमध्ये जांभ्याची तांबडी धूळ खिडकीच्या गजांवर बोटभर बसते, तिला फटी फार आवडतात. म्हणून पुढे जाळी, जाळीमागे काढून धुता येईल असा फिल्टर, काच फक्त बाजूला.

दुसरी गोष्ट पालींची. स्वस्त कॅबिनेटच्या पाठीला पत्र्याच्या पट्ट्या असतात, कार्ड बसवताना त्या मुरगाळून तोडायच्या. एकदा तोडली की परत लावता येत नाही, उघडं भोक राहतं. कोकणातल्या घरात अशा भोकाचा मालक पहिल्याच पावसाळ्यात ठरतो. आत उबदार असतं, अंधार असतो, आणि एक दिवस फट्‌ आवाज येऊन वास सुटतो. मी असे किती डबे उघडलेत आणि आत काय बघितलंय ते जेवणाच्या वेळी सांगण्यासारखं नाही. तेव्हा पट्ट्या स्क्रूच्याच हव्यात. अशी अट गेमिंगच्या कुठल्याही चाचणीत वाचायला मिळत नाही. कारण चाचणी करणाऱ्यांच्या घरात पाली नसाव्यात.

आणि पाणी. 22 जुलै 2021ला वाशिष्ठी शहरात शिरली तेव्हा ताईच्या घरात तळमजल्यावरचा जुना कॉम्प्युटर टेबलासकट बुडाला. पाणी उतरल्यावर भाऊजींनी पेटी उघडली तर आत गाळ असा निगुतीनं बसला होता की बोर्डावरचे भाग त्याखाली ओळखू येत नव्हते. नवीन मशीन माडीवरच जाणार हे त्यामुळे कुणी बोलून न दाखवता ठरलेलं होतं.

माडी ठरली, मग वीज आली. पावसात ती जाते, दिवसातून कितीही वेळा. घरात 600 व्हीएचा यूपीएस आहे. अशा डब्यातून प्रत्यक्षात मिळतात 360 वॅट. मी कागदावर बेरीज केली. बी580 कार्डाला 190 वॅट, 5060ला 145. प्रोसेसर, पंखे, मॉनिटर सगळं धरून 5060चं मशीन 300च्या आसपास थांबत होतं, बी580चं पार काठावर जात होतं. मोठा यूपीएस घ्यायला पैसे उरले नव्हते. म्हणजे आठ की बारा, खरी चित्रं की शिवलेली, या सगळ्या वादाचा निकाल शेवटी जिन्याखालच्या त्या काळ्या डब्यानं दिला. सायली दोन दिवस खट्टू होती. मग म्हणाली, “आठात भागवते. पोत कमी ठेवून खेळेन, पण मधेच बंद पडायला नको.” बाराशे पानांच्या अभ्यासानंतरही माणूस असंच काहीतरी ठरवतो.

खरेदीला ती रेल्वेनं मुंबईला आली. लॅमिंग्टन रोडवर आता पॅड कमी आणि स्क्रीन जास्त, पण भाव अजून तोंडीच खाली येतो. प्रत्येक भागाचं बिल सायलीच्या नावावर, जीएसटीसकट. वॉरंटीला तेच लागतं, आणि ‘बिना बिल’चे वाचलेले पैसे वर्षभरात परत जातात. मशीन मुंबईत जोडून न्यायचा मोह मी टाळायला लावला. जड कार्ड बोर्डाला टांगून घाटरस्त्याचे धक्के कशाला द्यायचे? खोके तसेच नेले. माडीवर चटई टाकून तिनं स्वतः जोडलं, मी शेजारी बसून फक्त स्क्रू दिले. प्रोसेसर तिनं खाचेवर ठेवला, दाबला नाही. तो आपला आपण बसला. दांडी खाली ओढताना मात्र करकर आवाज होतो, आणि दर वेळी वाटतं की काहीतरी मोडलं. तिचा चेहराही तसाच झाला. तो आवाज बरोबरच असतो, असं मी तिला सांगितलं.

पहिल्या बटणाला सुरू झालं. मॉनिटर 60वर अडकला होता, सेटिंगमध्ये जाऊन तो 144वर आणला. कितीतरी लोक हे न करताच वर्षानुवर्षं खेळत राहतात. मग मी सहज कॅबिनेटच्या पत्र्यावर हात ठेवला आणि बोटांना मुंग्या आल्या. माडीचं वायरिंग जुनं, सॉकेटला तिसरं भोक आहे पण त्यामागे तार नाही. अर्थिंग नसलं की एसएमपीएसच्या फिल्टरमधून झिरपणारा किंचित करंट पत्र्यावरच राहतो. ही ओळ ना तिच्या यादीत होती ना माझ्या. वायरमन रविवारी येतो म्हणालाय. तोवर मशीन बंद ठेव, असं मी सायलीला बजावून आलोय, आणि काल रात्री साडेअकराला तिचा ‘व्हॅलोरंट’ जिंकल्याचा मेसेज आला.